नव्या ईव्हीतला वास आणि दार उघडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं

गुढीपाडव्याला पुण्यातल्या गाड्यांच्या शोरूमबाहेर जी झुंबड उडते, तीत यंदा माझा भाचाही होता. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून डिलिव्हरी त्याच दिवशी हवी होती. हार, नारळ, पेढे, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, सगळं साग्रसंगीत झालं. गाडी इलेक्ट्रिक. घरात आठ महिन्यांची लेक आहे, तिच्या नाकात धूर जायला नको, हाही त्यामागचा एक विचार होता. पुढच्या रविवारी मंडळी जेजुरीला जाऊन आली. परत येईपर्यंत भाचेसुनेचं डोकं ठणकत होतं, डोळे चुरचुरत होते. संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मावशी, गाडीत कसलातरी उग्र वास भरून राहतो गं. बॅटरीतून काही गळत नसेल ना?"

मी २८ वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. दिवे घाटातली वळणं आणि भर दुपारचं ऊन यांनीही डोकं दुखतं, त्यामुळे सगळं खापर वासावर फोडता येणार नाही. पण डोळे चुरचुरणं आणि बंद गाडीतला दर्प यांचा संबंध खरा असू शकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांच्या सोसायटीत जाऊन उन्हात उभ्या गाडीचं दार मी स्वतः उघडलं. वास ओळखीचा होता. नव्या फ्लॅटमध्ये फर्निचरचं काम नुकतंच संपलेलं असताना कुलूप काढून आत शिरलं की जो भपकारा येतो, त्याच कुळातला.

आधी बॅटरीची शंका मिटवू. ईव्हीची बॅटरी गाडीच्या पोटाखाली, पाणीही शिरू नये अशा बंद पेटीत असते. तिच्यात सेंद्रिय कार्बोनेट प्रकारचे द्रव आणि फ्लोरिनयुक्त लिथियम क्षार असतात, आणि ते हाताळायला अजिबात सौम्य नाहीत. पण रोजच्या वापरात ते पेटीबाहेर येत नाहीत. ते बाहेर येतात अपघातात पेटी फुटली, पुराच्या पाण्यात गाडी बुडून नंतर बिघाड झाला किंवा सेल आतल्या आत तापत गेला तर. तेव्हा गोडसर, थिनरसारखा वास येतो, फुसफुस ऐकू येते, पांढुरका धूर दिसतो. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे अत्यंत विषारी वायू असू शकतात. अशा वेळी काचा उघडायच्या की नाही हा विचार करत बसू नका. माणसं बाहेर काढा, लांब जा, १०१ला फोन करा. भाच्याच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. त्याच्या गाडीतला वास बसायच्या जागेतूनच येत होता.

वास नेमका कशाचा

गाडीच्या आत नजर फिरवा. डॅशबोर्ड प्लास्टिकचा, दाराचे पॅनल प्लास्टिकचे, सीटमध्ये पॉलियुरेथेनचा फोम, वर कृत्रिम चामडं, खाली गालिचा, छताला कापड, आणि हे सगळं एकमेकांना धरून ठेवणारा गोंद. यातला जवळजवळ प्रत्येक पदार्थ कारखान्यात द्रव किंवा वितळलेल्या अवस्थेतून घडतो. घडताना वापरलेले द्रावक, प्रक्रिया अपुरी राहिलेली रसायनं आणि मऊपणा आणण्यासाठी घातलेले पदार्थ थोड्या प्रमाणात आत अडकून राहतात. पुढे महिनोन्‌महिने ते हळूहळू हवेत निसटतात. टोल्युईन, झायलीन, स्टायरीन, थोडं बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, ॲसिटाल्डिहाइड ही त्यातली नेहमीची नावं. ही सगळी झटकन उडणारी सेंद्रिय संयुगं. पुढे मी त्यांना 'उडणारी रसायनं' म्हणेन.

यातली सगळी सारखी घातक नाहीत. बेंझीन आणि फॉर्माल्डिहाइड यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात ठेवलं आहे, म्हणजे माणसात कर्करोग होऊ शकतो याचा पुरेसा पुरावा आहे. टोल्युईन आणि झायलीन यांचा त्रास मुख्यतः डोकेदुखी, गुंगी, मळमळ असा. फॉर्माल्डिहाइड डोळ्यांना आणि घशाला झोंबतं. घरातल्या हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने ते एका घनमीटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनने २०११ मध्ये गाडीच्या आतल्या हवेसाठी आठ रसायनांच्या मर्यादा ठरवल्या, त्यातही फॉर्माल्डिहाइडचा आकडा हाच आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते. वास म्हणजे विषाचं मोजमाप नव्हे. काही निरुपद्रवी पदार्थांना भयंकर वास असतो, आणि ज्याची खरी काळजी करावी असे काही पदार्थ नाकाला कळतही नाहीत. त्यामुळे "वास गेला, आता काही नाही" हे अर्धंच खरं. उरलेल्या अर्ध्याकडे थोड्या वेळाने येते.

पाडव्याची गाडी आणि वैशाखाचं ऊन

लहानपणी ट्रंकेत ठेवलेली डांबर गोळी आठवते? हिवाळ्यात ती कितीतरी दिवस तशीच राहायची, आणि एप्रिल-मे संपेपर्यंत वाटाण्याएवढी व्हायची. कोणी खाल्ली नाही, कुठे वितळलीही नाही. ती हवेत गेली, आणि उन्हाळ्यात भराभर गेली. गाडीच्या आतल्या रसायनांचं हेच होतं. ढोबळमानाने तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा पदार्थांचा हवेत जाण्याचा जोर दुपटीच्या आसपास जातो. वीस अंश वाढलं तर चौपट, तीस वाढलं तर आठपट.

आणि बंद गाडीतला डॅशबोर्ड बाहेरच्यापेक्षा तीस अंशांनी जास्त तापणं ही काहीच मोठी गोष्ट नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात उन्हाळ्यात केलेली मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१ वर, आणि डॅशबोर्ड ६९ वर. सावलीतल्या गाड्यांत डॅशबोर्ड ४८ अंशांवरच राहिला. फक्त सावलीने वीस अंशांचा फरक. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हिंजवडीतल्या कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये सकाळी नऊपासून उभ्या गाडीचं काय होत असेल, याचा अंदाज यावरून बांधा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी-अमेरिकी अभ्यासात एक कोरी एसयूव्ही बारा दिवस बाहेर उभी करून आतली वीस रसायनं मोजली गेली. फॉर्माल्डिहाइड चीनच्या मर्यादेपेक्षा ३५ टक्क्यांपर्यंत जास्त भरलं, ॲसिटाल्डिहाइड ६० टक्क्यांपर्यंत. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. आतल्या हवेचं तापमान पाहून रसायनांचा जितका चांगला अंदाज बांधता येत होता, त्यापेक्षा चांगला अंदाज आतल्या वस्तूंच्या पृष्ठभागाचं तापमान पाहून बांधता येत होता. म्हणजे हवा गार केली तरी डॅशबोर्ड तापलेला असेपर्यंत तो रसायनं सोडतच राहतो.

आता पाडव्याचा मुहूर्त बघा. गाडी सर्वांत नवी, म्हणजे रसायनं सर्वांत जास्त, आणि लगेच समोर वर्षातले सर्वांत कडक दोन महिने. दसऱ्याला घेतलेल्या गाडीला हिवाळाभर उघड्या काचांनी फिरून उन्हाळ्याआधी बरंचसं रिकामं व्हायला वेळ मिळतो. मी कोणाला मुहूर्त बदलायला सांगत नाही. पण पाडव्याला गाडी घेतली असेल तर पहिला उन्हाळा जास्त जपायचा, एवढं लक्षात ठेवायला हवं.

गार करण्याआधी मोकळं करा

भाच्याला मी सगळ्यात आधी हेच सांगितलं, आणि त्याला ते पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण त्याच्या ईव्हीत मोबाइलवरून एसी लावायची सोय आहे. वर घरात चहा पीत असतानाच तो खाली गाडी गार करून ठेवायचा. त्याला वाटायचं, झालं काम. वास तर गार हवेत कमी येतोच.

या सोयीचं मला मनापासून कौतुक आहे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत उभ्या जागी एसी लावायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि बंद तळघरात ते कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकतं. ईव्हीत तो प्रश्न नाही. गाडी चार्जरला लावलेली असेल तर बॅटरीही फारशी खर्च होत नाही. शिवाय पृष्ठभाग गार झाले की रसायनं सुटण्याचा वेग खरोखर घटतो.

पण बहुतेक वेळा झटपट गारव्यासाठी एसी आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. सकाळपासून कोंडलेली रसायनं जातील कुठे? तीच हवा गार होऊन तुमच्या तोंडावर येते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी दारं उघडा, शक्यतो समोरासमोरची, म्हणजे हवा आरपार जाईल. एक-दोन मिनिटं थांबा. मग काचा खाली ठेवून, पंखा मोठा करून, बाहेरची हवा आत घेणारं बटण लावून गल्लीच्या टोकापर्यंत जा. मग काचा बंद करा आणि एसी हवा तेवढा गार करा. सगळी मिळून पाच मिनिटं. दिवसभराच्या श्वासातला सर्वांत वाईट भाग याच पाच मिनिटांत असतो, कारण कोंडलेल्या हवेचा साठा तेव्हाच सर्वांत मोठा असतो.

काही गाड्यांत मोबाइलवरून काचाही खाली करता येतात. तुमच्या गाडीत ती सोय असेल आणि गाडी सुरक्षित आवारात असेल, तर एसी लावण्याआधी काचा खाली करा.

यावर ईव्हीवाल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, रेंजचं, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जेवढी जाते त्या अंतराचं काय? बाहेरची हवा घेतली की एसीला जास्त कष्ट पडतात, हे खरं आहे. साधं गणित मांडलं तर पुण्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी तासाला पाव ते अर्धा युनिट जास्त लागेल. शहरात एका युनिटवर गाडी साधारण सहा-सात किलोमीटर जाते असं धरलं, तर तासाभराच्या प्रवासात फार तर तीन-साडेतीन किलोमीटरची रेंज गेली. कोथरूड ते हिंजवडी जाऊन येणाऱ्याला हा व्यवहार परवडणारा आहे.

उलट सतत आतली हवा फिरवण्याचा एक तोटा आहे, जो रसायनांच्या चर्चेत मागे पडतो. गाडीच्या आत जेमतेम तीन घनमीटर हवा असते. चार माणसं मिळून तासाला सत्तर-ऐंशी लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. गाडी पूर्ण हवाबंद धरली, तर दहा मिनिटांत या वायूचं प्रमाण चार हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत चार हजार भाग) घरात जाईल. फटींतून थोडी हवा खेळते, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमी राहतो, पण बाहेरच्या सव्वाचारशेच्या तुलनेत तो कित्येक पट असतोच. एक्सप्रेसवेवर जांभया येतात, त्याला कधीकधी रात्रीचं जागरण जबाबदार नसतं. ईव्ही शांत असते, आत काही घरघर नाही, त्यामुळे ही सुस्ती आणखीच अलगद येते.

जे नाकाला कळत नाही

आता उरलेल्या अर्ध्याबद्दल. उडणाऱ्या रसायनांचा जोर पहिल्या काही महिन्यांत ओसरत जातो. पण दुसऱ्या एका प्रकारची रसायनं सावकाश उडतात आणि वर्षानुवर्षं उडत राहतात. स्पिरिटचा बोळा फुंकर मारली की सुकतो, तेलाचा बोळा आठवडाभर ओलाच राहतो, तसा हा फरक. या सावकाश गटात दोन नावं महत्त्वाची आहेत. कृत्रिम चामडं आणि विनाइल मऊ ठेवणारी थॅलेट्‌स, आणि सीटच्या फोममध्ये घातलेली आगरोधकं.

आगरोधकांची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण तिच्यात हेतू चांगला आणि परिणाम संशयास्पद असं काहीतरी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नियम आला की गाडीच्या आतलं साहित्य लहान ज्योतीने पेटवलं तर आग मिनिटाला साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. तेव्हा डोळ्यांसमोर होती ती गाडीत पडणारी जळती सिगारेट आणि काडेपेटी. ही कसोटी जगभर पसरली. आपल्याकडेही आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. वेताळ टेकडीवरच्या ज्या संस्थेमुळे सकाळी फिरायला जाणारे पुणेकर त्या भागाला 'एआरएआय टेकडी' म्हणतात, ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून गाड्यांच्या चाचण्याच करते. कसोटीत अमुक रसायन घाला असं कुठेही लिहिलेलं नाही. पण फोमला या कसोटीत उतरवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे त्यात आगरोधक मिसळणं.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या आणि ग्रीन सायन्स पॉलिसी इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १०१ गाड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. गाड्या २०१५ नंतरच्या होत्या आणि त्यांत पेट्रोलच्या, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक अशा तिन्ही होत्या. ९९ टक्के गाड्यांच्या हवेत टीसीआयपीपी नावाचं आगरोधक सापडलं. उन्हाळ्यात त्याचं प्रमाण थंडीच्या तुलनेत दोन ते पाच पट होतं. हे रसायन उंदरांवरच्या प्रयोगांत कर्करोग घडवतं, असं अमेरिकेच्या सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाच्या २०२३च्या अहवालात नोंदलेलं आहे. प्रयोगातल्या उंदरांना दिलेली मात्रा मोठी असते, त्यामुळे गाडीत बसलं की आजार झाला असा अर्थ कोणी काढू नये. पण रोज दोन तास, वीस वर्षं, हा हिशोबही लहान नाही. खुद्द अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांची संघटना ही कसोटी बदला म्हणते आहे. त्यांचं म्हणणं असं की या रसायनांनी प्रत्यक्ष आगीत फारसा बचाव होत नाही, पण धूर मात्र अधिक विषारी होतो.

ईव्हीत हे रसायन कमी असेल असं समजायला काही आधार नाही. सीट सीटच असते. इंधन बदललं, फोम तोच राहिला.

ही सावकाश रसायनं हवेत असतात त्यापेक्षा जास्त धुळीला चिकटून बसतात. ती धूळ सीटवर, बेल्टवर, हँडलवर, आणि मग आपल्या हातावर. मोठ्यांपेक्षा रांगत्या बाळाचे हात कितीतरी जास्त वेळा तोंडात जातात. म्हणून भाचेसुनेला मी सांगितलं, "बाळाला गाडीतून उतरवलंस की आधी हात धू, मग खायला दे." ती म्हणाली, "मावशी, तुम्ही हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. आम्ही गाडीतच तिला बिस्किट देतो." तिचं खरं होतं. बाळ असलेल्या घरात दारं-काचांच्याही आधी हात आणि धूळ.

धूळ कोरड्या फडक्याने झटकू नका, ती फक्त जागा बदलते. ओलसर मायक्रोफायबरने पुसा, आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम करा, बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम असेल तर उत्तम. बेबी सीटचं कापड निघत असेल तर काढून धुवा.

जे आपण स्वतः आणून ठेवतो

शोरूममधून निघतानाची ॲक्सेसरीजची यादी मी भाच्याकडून मागून घेतली. रेक्झीनची सीट कव्हरं, जाड कप्प्याकप्प्यांचे मॅट, डॅशबोर्डवर जेलचं परफ्यूम, एसीच्या जाळीला अडकवायचं दुसरं परफ्यूम, पॉलिशची बाटली. कंपनीच्या कापडी सीटवर त्याने वास सोडणारं आणखी एक प्लास्टिक चढवलं होतं, आणि मग तो वास झाकायला सुगंध. शिवाय कारखान्यातून आलेलं सीटचं आणि दारांचं पारदर्शक प्लास्टिक जागच्या जागी होतं. नवी वस्तू जपायची आपली ही सवय मला समजते, आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटलाही प्लास्टिक असायचं. पण गाडीत हे प्लास्टिक आतली रसायनं दाबून धरतं, स्वतः तापतं आणि सीटला मोकळं होऊ देत नाही. ते पहिल्याच दिवशी काढा. कव्हर हवंच असेल तर सुती, धुता येण्यासारखं घ्या. मॅटला रबराचा किंवा गोंदाचा उग्र वास येत असेल तर बसवण्याआधी आठ-दहा दिवस गच्चीत उन्हात टाका.

परफ्यूम वास पुसत नाही, त्याच्यावर आणखी रसायनं ओततो. लिंबाच्या सुगंधाच्या परफ्यूममध्ये लिमोनीन असतं. ओझोनशी त्याची गाठ पडली की त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. म्हणून लिंबाचं परफ्यूम आणि ओझोन सोडणारं 'आयनायझर' यंत्र एकाच गाडीत असणं म्हणजे दुखणं विकत घेणं. ओझोन स्वतःही फुप्फुसांना वाईट. हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यायचंच असेल तर ओझोन न सोडणारं घ्या. कोळशाच्या छोट्या पिशव्या आणि डॅशबोर्डवरची रोपटी यांनी मनाला बरं वाटतं, पण हवा त्यांच्यातून ढकलली जात नाही तोवर हवेत फरक पडत नाही.

उंदीर वायरी कुरतडतात म्हणून पुण्यात बरेचजण बॉनेटमध्ये डांबर गोळ्यांची पुरचुंडी टाकतात. एसीची हवा तिथूनच, काचेखालच्या जाळीतून आत येते. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनला कर्करोग संशोधन संस्थेने 'शक्यता आहे' अशा गटात ठेवलं आहे, आणि काही बाळांत जन्मजात एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते, त्यांच्या रक्तपेशी या वासानेही फुटू शकतात. गोळ्या काढून टाका. उंदरांसाठी जाळी बसवा, पार्किंगमधला कचरा हटवा.

आणि उदबत्ती-कापूर. गाडीची पूजा जरूर करा, पण बॉनेटसमोर उभं राहून. बंद गाडीत लावलेल्या एका उदबत्तीचा धूर कापडात मुरतो आणि आठवडाभर रेंगाळतो.

फिल्टर, आणि पुण्याची बाहेरची हवा

गाडीच्या केबिन फिल्टरमध्ये दोन कामं असतात आणि लोक ती एकच समजतात. कागदासारखा घड्यांचा फिल्टर धूळ आणि परागकण अडवतो. वायू त्यातून आरपार जातात, मग त्याच्यावर हेपा लिहिलेलं असो. वायूंसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. टोल्युईन, बेंझीन, रस्त्यावरच्या धुराचा वास यांच्यावर तो चांगला चालतो, पण फॉर्माल्डिहाइडचे रेणू लहान आणि निसटते, साध्या कोळशाला ते फारसे सापडत नाहीत. म्हणजे फॉर्माल्डिहाइडवर इलाज पुन्हा तोच, सावली आणि मोकळी हवा. सर्व्हिसिंगला मेकॅनिक फिल्टर हवेने फुंकून परत बसवतो, त्याने धूळ थोडी झडते, पण भरून गेलेला कोळसा रिकामा होत नाही. वर्षातून एकदा बदलाच. बांधकामं चालू असलेल्या भागातून रोज जाणं असेल तर लवकर.

कारण बाहेरची हवा म्हणजे नेहमी स्वच्छ हवा असं पुण्यात म्हणता येत नाही. कात्रजचा बोगदा, नवले पुलाजवळची ट्रकांची रांग, विद्यापीठ चौकातली कोंडी, इथे पुढच्या टेंपोचा धूर आत घेण्यापेक्षा आतली हवा फिरवणं शहाणपणाचं. कोंडी संपली की पुन्हा बाहेरची हवा. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेची 'सफर' ही यंत्रणा शहरातल्या हवेची रोजची पातळी सांगते, त्यावरून लांबच्या प्रवासाला निघताना अंदाज घेता येतो. मी भाच्याला एक साधी खूण दिली. पुढे डिझेलचं वाहन असेल तर बटण आत, रस्ता मोकळा असेल तर बटण बाहेर.

सावलीबद्दल पुन्हा एकदा. झाडाखाली किंवा तळघरात जागा मिळाली तर चांगलंच, नाही तर समोरच्या काचेला आतून चांदीसारखा चमकता पडदा लावा. डॅशबोर्डवर थेट ऊन पडत नाही, आणि सगळ्यात जास्त तापतो तो तोच. बऱ्याच ईव्हींना वर काचेचं छत असतं, त्यालाही सरकता पडदा नसेल तर वेगळा घ्या. काचांना काळी फिल्म लावून घेऊ नका. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उतरवायला लावल्या आहेत. नव्या गाडीचे पहिले काही आठवडे, रविवारी सकाळी घरची मंडळी आत नसताना, गाडी दोन-तीन तास उन्हात काचा चार बोटं खाली ठेवून उभी करा आणि नंतर सगळी दारं उघडून टाका. उष्णता जे काम आपल्या नाकात करते, ते रिकाम्या गाडीत करून घ्यायचं. उडणाऱ्या रसायनांसाठी याचा उपयोग होतो. आगरोधकांचा साठा मात्र इतका मोठा असतो की अशाने तो संपत नाही.

मे संपेपर्यंत भाच्याच्या गाडीतला दर्प बराच उतरला. प्लास्टिक गेलं, रेक्झीनची कव्हरं गेली, दोन्ही परफ्यूम गेले. खाली उतरल्यावर आता तो आधी चारही दारं उघडतो, मग बाळाची बॅग डिकीत ठेवतो, तेवढ्यात दोन मिनिटं होतातच.

मला त्यांच्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती इलेक्ट्रिक टॅक्सी चालवणाऱ्यांची. आपण त्या गाडीत चाळीस मिनिटं असतो, ते दहा-बारा तास. रसायनाचा परिणाम प्रमाण गुणिले वेळ असा मोजायचा असतो, आणि इथे वेळ त्यांच्याकडे आहे. परवा औंधहून स्टेशनला जाताना डॅशबोर्डवर जेलच्या दोन डब्या, सीटवर प्लास्टिक, काचा घट्ट बंद. मी विचारलं, "दादा, थोडी काच खाली घेऊ का? एसी असू द्या." ते म्हणाले, "घ्या की मॅडम. लोक बसल्या बसल्या म्हणतात काच लावा, म्हणून दिवसभर बंदच असते. माझंच डोकं धरतं संध्याकाळी." मग पुढचा सगळा रस्ता आम्ही याच विषयावर बोललो. डब्या कशाला ठेवल्यात म्हटलं, तर गाडीला वास आला की स्टार कमी देतात, म्हणाले. तो वास सीटवरच्या प्लास्टिकचाच होता. स्टेशनवर मला उतरवून त्यांनी गाडी कडेला घेतली, चारही काचा खाली केल्या, आणि मागच्या सीटवरचं प्लास्टिक एका कोपऱ्यातून सोडवायला सुरुवात केली.